तेरवीपर्यंतचा दिवा

सांजवात लावून, देवासमोर बसून हे लिहिते आहे. या जागी खोटं लिहायला माझा हात धजणार नाही.

ही गोष्ट माझ्या धाकट्या दिराची, ओमेशची. गोंदियाजवळ फुलचूरला, मागच्या साली धानकापणीच्या दिवसांत घडलेली.

ओमेश लग्नाचे फोटो काढतो. पण त्याचा जीव रात्रीच्या जनावरांत. घरामागच्या वाडीकडे तोंड करून छपरीत कॅमेरा लावायचा आणि अंधारात अर्धा-अर्धा मिनिट शटर उघडं ठेवायचं. जे हलतं ते धूसर होतं. जे स्थिर असतं, तेच लख्ख उमटतं.

"नवरीचा फोटो धड येत नाही, अन् उदमांजराच्या मांगं लागून राहिले," त्याची बायको रेणू चिडवायची. "त्याच्याच लग्नाची ऑर्डर घ्या आता!"

तशात आमच्या सासूबाई गेल्या. त्याच छपरीत, आपल्या खाटेवर.

रीतीप्रमाणे त्या जागी पीठ पसरलं, वर टोपली झाकली, शेजारी दिवा लावला. गेलेलं माणूस तेरवीच्या आत एकदा घरी येतं, पिठात पाऊल ठेवतं आणि मग पुढच्या वाटेला लागतं.

"दिवा इझू देऊ नोका रे," शामकला आत्यांनी बजावलं. "माह्या वयनीले रातचं दिसत नव्हतं. अंधारात घर कसं सापडन तिले?"

खरंच होतं ते. सासूबाई रातांधळ्या. लहानपणी ओमेशच त्यांना रात्री वाडीत न्यायचा. पुढे तो, आणि त्याचा मागे केलेला हात धरून त्या. हात सुटला की त्या जागच्या जागी उभ्या राहायच्या... हात पुढे करून.

एका रात्री दिव्याजवळ जागायची पाळी ओमेशची होती. झोप नव्हती. डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

तेवढ्यात पपईखाली काहीतरी हललं...

उदमांजर. सोबत दोन पिल्लं.

इतक्या वर्षांत पिल्लं कधी दिसली नव्हती. त्यानं कॅमेरा लावला. पण दिव्याचा उजेड सरळ काचेवर येत होता.

एकच फोटो. मग लगेच लावतो...

त्यानं वात चिमटीत धरून विझवली.

शटर उघडलं. काळोख झाला.

आणि भिंतीवरून कुणीतरी तळवा घासत चाललं...

सर्र... सर्र...

आई अशीच भिंत चाचपत चालायची.

"रेणू?"

आवाज थांबला. मग पपईच्या बाजूनं आला. मग आलाच नाही.

त्यानं दिवा लावला. वाडीत कोणी नव्हतं. फोटो पाहिला. उदमांजर नव्हतं, पिल्लं नव्हती.

पपईखाली सासूबाई होत्या.

घराकडे पाठ. एक हात पुढे. अगदी लख्ख.

अर्धा मिनिट त्या जराही हलल्या नव्हत्या.

"काय केलं तुमी हे?" रेणू रडायला लागली. "दारापासून परत पाठवलं त्यायले!"

त्या रात्रीपासून घरातला एकही बल्ब विझला नाही. तरी पीठ कोरंच. ओमेश रोज फोटो काढायचा आणि रोज सासूबाई आणखी दूर दिसायच्या. कुंपणापाशी... मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर... मग त्याही पलीकडे.

टॉर्च घेऊन तो कापलेल्या धानातून धावायचा. "आई, इकडं ये! मी हावो!"



तेरवीची आदली रात्र आली. आज नाही तर कधीच नाही.

कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो काढत राहील असा लावून तो शेतात गेला. टॉर्च न घेता. अंधारात उभा राहिला आणि लहानपणी करायचा तसा हात मागे केला.

"आई... धर."

खूप वेळ काही नाही.

मग त्याच्या हातात हात आला.

गार. कोरडा.

त्यानं मागे पाहिलं नाही. रडत, पाय चाचपत, एकेक धुरा ओलांडत त्यानं तो हात घरापर्यंत आणला. छपरीत दिवा जळत होता. उंबऱ्याशी हात सुटला.

सकाळी टोपली उचलली. पिठात पाऊल होतं.

घर सुटकेचं रडलं. पाऊल जरा मोठंच वाटत होतं... पण अशा वेळी कोण बघतं?

तेरवी पार पडली. पाहुणे गेल्यावर रेणूनं त्या रात्रीचे फोटो पाहायला कॅमेरा सुरू केला, आणि तिच्या हातून तो पडलाच.

फोटोत ओमेश येत होता. चालताना धूसर झालेला. हात मागे, पण त्या हातात कोणाचाच हात दिसत नव्हता.

आणि पार मागे, शेवटच्या धुऱ्यावर...

सासूबाई तशाच उभ्या होत्या. पाठमोऱ्या. हात पुढे करून.

"वयनी," ओमेशनं मला आमगावला फोन करून विचारलं, "मंग मी कोनाले आनलं घरात?"

 

त्या घरात आता रात्री भिंतीवर तळवा घासल्याचा आवाज येतो. आतल्या बाजूनं. मी इथे आमगावला सासूबाईंच्या नावाची वात लावते, पण ज्यांना आपलं दार सापडलं नाही, त्या माझ्या दारी कशा येणार?

ओमेश रोज संध्याकाळी त्या शेवटच्या धुऱ्यावर दिवा ठेवून येतो. तेलानं भरलेला.

सकाळी तेल तसंच असतं...

वात मात्र कोणीतरी चिमटीत धरून विझवलेली असते.