न बुडवलेली कुंडी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ राखाडी, समुद्र तेल ओतल्यासारखा निपचित.

म्हातारा नावाडी बेटाबेटांवर रोपं पोचवायचा. धक्क्यावरचा नियम साधा होता: उतरवलेली प्रत्येक कुंडी आधी टाकीत बुडवायची, म्हणजे मातीतल्या मुंग्या वर तरंगतात. तपासनीसबाईंनी बजावलंच होतं, "काका, यांच्या राण्या उडत नाहीत. एकेका घरात शंभर-शंभर असतात. त्यातली एखादी चार कामकरी मुंग्या घेऊन चालत निघाली, की पलीकडे नवा संसार."

आजवर त्याने एकच कुंडी बुडवली नव्हती. लेकीने आजारी आईसाठी पाठवलेली. कळ्या गळतील, एवढंच मनात आलं.

कळ्या फुलल्या. पुढे मुंग्या डोळ्यांना डसून खुराड्यातली पिल्लं आंधळी झाली आणि मेली. रातकिडे गप्प झाले. म्हाताऱ्याच्या पोटऱ्या चावून चावून सुजल्या. शेजारीण तर दिवसभर पाय झाडत मुंग्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्याने बायकोच्या खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

त्या दिवशी दुपारी तपासनीसबाई आल्या. धक्क्यावरची एक मुंगी आणि घरातली एक, अशा दोघी त्यांनी बशीत सोडल्या.

"परक्या असल्या तर एकमेकींवर तुटून पडतील."

मुंग्यांनी मिशांना मिशा लावल्या आणि दोघी जोडीने चालू लागल्या.

"सगळं बेट एका घरचं झालंय, काका. काकूंना आजच हलवा. पण अंगावर एकही मुंगी नको, नाहीतर पुढचं बेटही गेलं."

बाई गेल्या. म्हातारा आत आला. वाट्यांतलं पाणी तसंच होतं. आणि बायकोच्या मनगटापासून मानेपर्यंत मुंग्यांची रांग, संथ.

तो झटकायला वाकला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "चावत नाहीत. सकाळी थांबल्या, मिशा लावून बघितलं... आणि गेल्या आपल्या वाटेने."

"चल. नाव तयार आहे."

"कशाला? इथे सगळी आपलीच आहेत..."

त्याने तिचा हात धरला. रांग त्याच्या बोटांवर चढली, आणि कोपरापर्यंत आग आग झाली. तिने हात काढून घेतला. वाटेत अनोळखी माणसाने धरावा आणि बाईने काढून घ्यावा, तसा.

दारात शेजारीण येऊन उभी होती. अनवाणी. पावलं मुंग्यांनी काळी, पण आज ती पाय झाडत नव्हती. त्याच्या सुजलेल्या हाताकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला अजून चावतात?"