कोपराखालचं बोट

डोळे मिटून, पाय जुळवून, जाड गादीवर उभ्या असलेल्या उत्कर्षा बारबोलेने तीस सेकंद पुरे केले, तेव्हा मंगल कार्यालयातल्या साठएक माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नोव्हेंबरपासून हे तिला एकदाही जमलं नव्हतं.

"ऊर्जा कानापर्यंत पोचली!" महागुरू पृथ्वीराज माइकवरून म्हणाले. पांढरा रेशमी अंगरखा घातलेले हे गृहस्थ सोलापुरात तायचीचं, म्हणजे संथ चिनी व्यायामाचं, शिबिर घेत होते. "एकवीस दिवसांत ताई धावायला लागतील."

"बोट काढा की मग."

आवाज भिंतीजवळच्या कूलरमागून आला. तिथे एक तिशीपस्तिशीचा माणूस हातात पाना घेऊन बसला होता. ओल्या वाळ्याचा वास आणि पाण्याचे बारीक तुषार त्याच्या बाजूने येत होते.

"कसलं बोट?" उत्कर्षाने विचारलं.

"कोपराखाली बघा."

तिने पाहिलं. महागुरूंची तर्जनी तिच्या उजव्या कोपराला अगदी हलकी टेकलेली होती. इतकी हलकी, की तिच्या लक्षातही आली नव्हती.

"ताई, शंका हा ऊर्जेचा शत्रू आहे," महागुरू घाईने म्हणाले. परंतु उत्कर्षा रसायनशास्त्र शिकवत असे, आणि एक घटक वगळून प्रयोग पुन्हा करायचा असतो हे तिने शेकडो मुलांच्या गळी उतरवलं होतं. तिने कोपर बाजूला घेतलं, डोळे मिटले. जमीन कुठे आहे हे क्षणात नाहीसं झालं... आणि ती कोसळली ती दोन ओल्या हातांत.

"चार," कूलरवाला म्हणाला.

"काय चार?"

"सेकंद." त्याने तिला सरळ उभं केलं आणि लगेच हात काढून घेतले. "उभं राहायला ताकद लागत न्हाई मॅडम, खबर लागते. जमीन कुठं हाय त्याची. बोट खबर देत होतं. ती तायची न्हवं, तो टेकू."

हे वाक्य तिला कोणत्याही डॉक्टरने इतक्या नेमकेपणाने सांगितलं नव्हतं. मूत्रपिंडाचा संसर्ग रक्तात उतरला, तेव्हा ज्या इंजेक्शनांनी ती वाचली, त्यांनीच दोन्ही कानांतला तोल नेला होता. मात्रा चुकली नव्हती. हजारांत काही जणांचं असं होतं आणि त्या काहींत ती होती. आता चालताना दुकानांच्या पाट्या धावत काढलेल्या व्हिडिओसारख्या हलत. जूनमध्ये कॉलेजचं नवं वर्ष सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांचा दाखला लागणार होता : अशाच गादीवर, डोळे मिटून, आधाराशिवाय तीस सेकंद. ॲसिडच्या बाटल्यांमध्ये वावरणाऱ्याचा तोल जाऊन चालत नाही, हे तिलाही मान्य होतं. दाखला नाही तर प्रयोगशाळा नाही, आणि प्रयोगशाळा नाही तर नोकरी नाही.

ती त्याच्यामागोमाग बाहेरच्या पायरीपर्यंत आली, भिंत धरत धरत.

"तुम्हाला तायची येते?"

"निम्मी." तो तिच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता, ओठांकडे पाहत होता. तिला ते किंचित उद्धट वाटलं, आणि किंचित... नाही वाटलं. "चोवीस हालचाली असतात. मला तेरा येतात."

"आणि उरलेल्या अकरा?"

"मोबाईलवर बघितल्यात. बघितलेलं मी शिकवत न्हाई."

"नाव काय तुमचं?"

"अभिमन्यू येमूल."

चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. "शोभतं. आत शिरायचं तेवढं माहीत."

"बाहेर पडायचं कुणी सांगितलंच न्हाई की," तो म्हणाला, आणि पाना खिशात घालून त्याने वर्गाचा पत्ता दिला.

वर्ग म्हणजे पूर्व भागातली एक बंद पडलेली यंत्रमागाची शेड. माग विकले गेले होते. फरशीतून वर आलेले त्यांचे बोल्ट तेवढे राहिले होते. छताच्या काचांतून सकाळी सहाचा उजेड सरळ खाली उतरे, आणि सुताचा, तेलाचा जुना वास अजून भिंतींत होता. विद्यार्थी चार. त्यांतल्या गोजरबाईंनी चाळीस वर्षं मांडी घालून विड्या वळल्या होत्या. गुडघे त्यातच गेले होते.

पहिल्याच दिवशी उत्कर्षाने तो प्रश्न विचारला. अभिमन्यू पाठमोरा, वाकून गादी अंथरत होता.

"येमूल, खरं सांगा. माझा तोल परत येईल का?"

त्याने गादीची कड सरळ केली. धूळ झटकली. मग तो वळला, तिची पावलं कशी हवीत ते हाताने दाखवलं... आणि काहीच बोलला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवा. बार्शीहून आई रोज फोनवर म्हणे, "होईल गं बाई सगळं नीट." महागुरूंनी तर दिवसच मोजून दिले होते. पुरावा नसताना गप्प राहिलेला हा पहिलाच माणूस. तिला वाटलं, याहून प्रामाणिक उत्तर असूच शकत नाही; आणि त्या मौनावर विश्वास ठेवून ती राहिली.

तो एकूणच कमी बोले. दोन आठवडे त्याने एकच गोष्ट करून घेतली : शरीराचं वजन एका पावलावरून दुसऱ्यावर न्यायचं, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावं तसं. भरलेलं पाऊल उचलायचं नाही. रिकामं झालं की मगच. उत्कर्षाला आधी कंटाळा आला, मग राग आला, आणि एका सकाळी रिक्षातून उतरून भिंत न धरता ती आत आली, तेव्हा दोन्ही गेले.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तिने समोर बसून चहा पिताना विचारलं.

"कारखान्यानं नवे माग घेतले होते, ते शिकायला अकरा महिने चीनला धाडलं. हॉस्टेलजवळ बाग होती. तिथं एक म्हातारी मावशी रोज करायची. तीबी जुनी मागवालीच."

"भाषा?"

"भाषा कशाला? मागावर कुणाला काय ऐकू येतं? मागवाली माणसं जगात कुटंबी हातानंच बोलतात." त्याने हाताने धागा तुटल्याची खूण केली, मग जोडल्याची. "तेरा शिकलो, आणि परत यायचं तिकीट आलं."

"मावशींना निरोप दिलात?"

"हातानंच," तो म्हणाला, आणि कपात पाहत राहिला.

उत्कर्षाने वही केली होती. गादीवर, डोळे मिटून : मार्चअखेर चार सेकंद. एप्रिलच्या मध्याला पाच. एप्रिलअखेर सहा, मग पुन्हा पाच. हे मोजताना तो तिच्या दोन्ही बाजूंना तळहात धरून उभा राही, वीतभर अंतरावर. धरत नसे, पडली तरच धरे. सकाळी सहालाच हवा तीस अंशांना टेकलेली असताना, वीतभर दूरच्या तळहातांची ऊब जाणवायला शास्त्रीय आधार नव्हता. तरी ती जाणवे. या निरीक्षणाची नोंद उत्कर्षाने वहीत केली नाही.

गोजरबाईंनी मात्र केली. "मास्तर, आमचे गुडघे काय इस्तवात घालायचे व्हय? मॅडमजवळच सारखं हात पसरून हुबं!"

"मावशी, तुमी पडत न्हाई."

"मग पडते की उद्यापास्नं!"

सगळे हसले. अभिमन्यूही हसला, पण अर्ध्या क्षणाने उशिरा, गोजरबाईंच्या तोंडाकडे पाहून. उत्कर्षाच्या नजरेतून ते निसटलं. तिची नजर त्या वेळी जमिनीकडे होती आणि कान तापले होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर धुळीची वावटळ उठली. वीज गेली, काचा धुळीने झाकल्या आणि शेडमध्ये काळोख दाटला. अभिमन्यू तिच्यापुढे चार पावलांवर, पाठमोरा, हालचाल करून दाखवत होता. डोळ्यांचा आधार सुटताच उत्कर्षाच्या पायांखालून फरशी निघून गेली.

"अभिमन्यू! मी पडते आहे... थांबा!"

तो थांबला नाही. त्याचा पुसट दिसणारा हात हवेतून तसाच, सावकाश, डावीकडे गेला. ती पडली. मागाच्या बोल्टवर कोपर आपटलं आणि फाटलं.

गोजरबाईंनी मोबाईलचा उजेड धरून, धावत जाऊन त्याचा खांदा हलवला तेव्हा तो वळला. रक्त दिसल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी ओरडले," ती म्हणाली. रडू तिला दुखण्याने येत नव्हतं. "दोनदा. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाही."

तो गुडघ्यांवर बसला, तिच्या ओठांसमोर. "ऐकू येत न्हाई मला," तो म्हणाला. "सोळा वर्षं मागावर होतो. जाड आवाज येतात, माइकचा येतो. बायकांचा आवाज पाठीमागनं आला तर... न्हाई. सांगायला पायजे होतं. लाज वाटली."

त्याने रुमाल बांधला. उत्कर्षा शास्त्र आठवत होती, कारण त्या वेळी दुसरं काही आठवणं परवडणारं नव्हतं. आतल्या कानात, एकाच हाडाच्या पोकळीत, दोन दालनं असतात. एक ऐकतं, दुसरं तोल सांभाळतं. दोन्हींत केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात आणि मेल्या की त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्याचं एक दालन मागांनी रिकामं केलं होतं. तिचं दुसरं, औषधाने. दोघांत मिळून एक कान पुरता होत होता.

मग तिला पहिला दिवस आठवला. पाठमोरा अभिमन्यू. गादीची कड.

ते उत्तर नव्हतं. त्याने प्रश्न ऐकलाच नव्हता.

रिकाम्या जागेवर तिने अडीच महिन्यांचा विश्वास उभा केला होता. आता प्रश्न समोरून विचारणं एवढंच उरलं होतं, आणि नेमकं तेच तिला होईना. ती रोज येत राहिली, समोर उभी राहून बोलत राहिली, आणि तेवढं सोडून सगळं विचारत राहिली.

जूनच्या नवव्या तारखेला डॉक्टरांनी गादी अंथरली, हातात घड्याळ घेतलं. तिने तीन प्रयत्न केले. पाच. सात. सहा. डॉक्टर भले होते. त्यांनी चौथा प्रयत्न करू दिला. सहा. दाखल्यावर त्यांनी लिहिलं : प्रयोगशाळेतील कामास अयोग्य. संध्याकाळपर्यंत कॉलेजचा फोन आला. प्राचार्यांचा स्वर मऊ होता, निर्णय नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर आली तेव्हा वर्ग सुटला होता. गोजरबाई चपला घालत होत्या. त्यांनी उत्कर्षाचा चेहरा पाहिला, टोमणा मारायला उघडलेलं तोंड मिटलं आणि दार हलकेच ओढून घेतलं.

अभिमन्यू गाद्या रचत होता. ती वळसा घालून त्याच्या समोर गेली. छताच्या उजेडात, तोंड नीट दिसेल अशी उभी राहिली.

"पहिल्या दिवशी मी एक विचारलं होतं. तुमच्या पाठीला. तुम्ही गप्प राहिलात, म्हणून मी इथे राहिले. आता समोरून विचारते. माझा तोल परत येईल का?"

तो लगेच बोलला नाही. या वेळी त्याने ऐकलं होतं, म्हणून हे मौन वेगळं होतं. ते जड होतं.

"कानातला न्हाई," तो म्हणाला. "तुमची वही मीबी बघतो की. सहावर थांबलाय. अंधारात, मऊ जमिनीवर तुमी एकट्या कदी उभ्या ऱ्हानार न्हाई."

असं उत्तर ऐकलं की कोसळायला होईल, अशी तिची भीती होती. ती कोसळली नाही. भरलेल्या पावलावर उभी राहिली.

"मग हे तीन महिने कशासाठी शिकवलंत?"

"मार्चमदी तुमी भिंत धरून आला होता. आज गल्लीच्या तोंडापास्नं चालत आला. मी दारातनं बघत होतो." तो अडखळला. "तेवढंच येतं मला. त्याच्यापुढचं शिकलो न्हाई."

"दाखला मिळाला नाही. नोकरी गेली."

"कळलं. तोंडावर दिसलं." त्याचे हात नकळत उठले, तुटलेल्या धाग्याची खूण करून तसेच थांबले. जोडल्याची खूण त्याने केली नाही. खोटं तो हातानेही बोलत नसे.

उत्कर्षाने त्या हातांकडे पाहिलं. मग रचलेल्या गाद्यांतली एक तिने स्वतः ओढून अंथरली, वर चढली आणि पाय जुळवले. तोंड त्याच्याकडे.

"काय करताय?"

"प्रयोग. या वेळी बोट ठेवा."

"मॅडम... तो टेकू असतो."

"मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. महागुरूंनी तो लपवला होता, लबाडी तेवढीच."

तिने डोळे मिटले. जमीन नाहीशी झाली, नेहमीसारखीच, निमूटपणे. मग उजव्या कोपराखाली, बोल्टच्या अजून लाल असलेल्या खुणेच्या जरा बाजूला, एक बोट येऊन टेकलं. वजन शून्य. आणि जग आपल्या जागी आलं.

तो मोजत होता. दहा. वीस. तीस झाले, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाळीस. बाहेर कुठल्या तरी चालू शेडमधले माग खडखडत होते. ते तिला ऐकू येत होते आणि त्याला, बहुधा, फरशीतून जाणवत होते. साठाला तो थांबला.

"बोट काढू का?" त्याने विचारलं.

तिने डोळे उघडले नाहीत. तो ओठांकडे पाहत असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. आणि त्याच्यासाठी आवाजाची गरज नव्हती.

राहू दे, असं तिने नुसत्या ओठांनी म्हटलं.

बोट राहिलं.