खंडेनवमीचा फ्लॅश

"आज नाही हो, मॅडम… आज हत्यारं पूजेत आहेत!"

अर्धवट खाली ओढलेल्या शटरमागून हे उत्तर आलं, तेव्हा योगिनीला रडावं की भांडावं तेच कळेना. पिंपरी कॅम्पात कॅमेरा दुरुस्तीचं हे एकच दुकान तिला माहीत होतं, आणि नेमकी आज खंडेनवमी! ती सरळ वाकली आणि शटरखालून आत शिरली.

पाटावर स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, चिमटे… सगळी मंडळी झेंडूच्या फुलांखाली निवांत पडली होती. शेजारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन एक उंच तरुण उभा होता. हा केयूर. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता आणि सुट्टीच्या दिवशी मालोजीमामांच्या या दुकानात बसायचा.

"पाच वाजता काळेवाडीत साखरपुडा आहे," योगिनी धापा टाकत म्हणाली. "माझी पहिली ऑर्डर. हॉलला एकही खिडकी नाही, आणि हा फ्लॅश… अजिबात उडत नाहीये! आज फोटो बिघडले, तर सोमवारपासून पुन्हा ऑफिसात जायचं, असं बाबांशी ठरलंय."

"आधी पेढा घ्या."

"मी काय पेढा खायला आलेय?"

"नाही. पण सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही."

तिने रागारागाने पेढा तोंडात टाकला. चांगला होता मेला.

केयूरने नव्या बॅटऱ्या घातल्या आणि फ्लॅशचं टेस्टचं बटण दाबलं. लख्ख! दोघांचेही डोळे दिपले. मग त्याने तो कॅमेऱ्यावर चढवून फोटो काढला… काहीच नाही.

"म्हणजे फ्लॅश ठणठणीत आहे. कॅमेऱ्याचा निरोपच त्याला पोचत नाहीये." त्याने फ्लॅश उलटा केला, मोबाइलच्या उजेडात कॅमेऱ्यात बसणारा त्याचा पाय निरखला आणि एकदम हसायला लागला. "सकाळी पूजा केलीत याची?"

"केली. अगदी मनापासून."

"दिसतंय. कुंकू पायालासुद्धा लावलंयत!"

कॅमेऱ्याला टेकणारा मधला बारीक खिळा ओल्या कुंकवात रुतून, वाळून, आतच अडकला होता. योगिनीचे कान तापले.

"आई म्हणाली, पहिलं काम आहे, नीट पूजा कर…"

"आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं, हे नाही म्हणाली?"

"म्हणाली. मी ऐकलं नाही. तुम्ही सगळ्यांचं सगळं ऐकता वाटतं?"

"मामांचं ऐकतो. आज पाटावरच्या चिमट्याला हात लावला, तर ते मला घरात घेणार नाहीत." त्याची नजर तिच्या केसांवर थांबली. "पण ती पिन… ती काही पूजेत नाहीये."

योगिनीने केसातली पिन काढून दिली. बट गालावर आली. केयूरने ती बघितली — कामापुरतं बघायला हवं होतं, त्याहून जरा जास्तच वेळ. मग घाईघाईने बॅटऱ्या काढून, पिनेच्या टोकाला स्पिरिटचा कापूस गुंडाळून तो कुंकू पुसू लागला. तिसऱ्या कापसाला खिळा टुणकन वर आला.

योगिनीने फ्लॅश चढवला, समोर जे होतं त्यावर कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं. लख्ख! पडद्यावर एक डोळा मिटलेला केयूर उमटला. ती चक्क नाचली.

"झाला खरा, पण त्या खिळ्याची स्प्रिंग थकलीय. पुन्हा अडकू शकतो. मी… येऊ का सोबत?"

विचारून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

"हेल्मेट आहे?" स्कूटरची किल्ली काढत एवढंच ती म्हणाली.

हॉलमध्ये पाऊण तास सगळं झकास चाललं. मग नवऱ्यामुलाने अंगठी उचलली, सगळे पुढे झुकले, योगिनीने बटण दाबलं — आणि फ्लॅश उडालाच नाही! अंगठी बोटाच्या टोकाशी पोचली होती. बाबांचा चेहरा, ऑफिसातली ती खुर्ची, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"एक मिनिट, दादा! वहिनींकडे बघा की जरा!" केयूर गर्दीतून ओरडला. मंडळी हसली, नवरामुलगा लाजून थांबला. तेवढ्यात केयूर तिच्याजवळ पोचला होता. त्याने फ्लॅश काढला, पिनेने खिळा उचकटला, फ्लॅश पुन्हा चढवला. त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर राहिली.

"आता," तो हळूच म्हणाला.

लख्ख! अंगठी, लाजलेला नवरामुलगा, हसू दाबणारी नवरी… सगळं एका फोटोत आलं. वधूपित्याने तो बघितला आणि लग्नाचीही ऑर्डर तिथेच देऊन टाकली.

बाहेर स्कूटरपाशी योगिनी नुसती हसत सुटली होती. वाऱ्याने केस पार विस्कटले होते.

"माझी पिन?"

केयूरने खिशातून पिन काढली… पण दिली नाही. "आज माझं हेच एक हत्यार होतं. पूजा केल्याशिवाय कशी देऊ?"

"मग उद्या सांगवीला घरी या. दसरा आहे. सोनं द्या आणि आईसमोर पिनही परत करा."

"आणि… नाही केली तर?"

योगिनीचं काळीज धडधडत होतं. तरी तिने नजर खाली घेतली नाही.

"तर दर दसऱ्याला यावं लागेल."

केयूरने पिन पुन्हा शर्टाच्या खिशात ठेवली, आणि वरून बटण लावलं.