शेजारची खुर्ची

अगं ए, दार लावू नकोस! राहू दे थोडा वेळ उघडं.

काय झालं, काय झालं म्हणून ओरडू नका. गार वारा येतोय तर पांघरूण घ्या. आत्ता शेवटचा शो बघून आलात ना तुम्ही सगळे? जाताना काय तो दंगा, आणि येताना एकाच्याही तोंडातून शब्द नाही. धाकटीनं चपला उलट्या घातल्यात, बघा. आणि हा शहाणा किल्ली हातात धरून स्वतःच्याच गाडीकडे परक्यासारखा बघत उभा होता. मी गॅलरीतून पाहिलं, नाही म्हणू नकोस. हसायचं काम नाही. बसा खाली. दार का उघडं ठेवायचं ते सांगतो, मग खुशाल लावा.

मी तेव्हा जुन्या थेटरच्या कँटीनला होतो हे तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबरातला दुसरा गुरुवार. शेवटचा शो सुटायला आला होता आणि मी बॅटरीचा चहा घेऊन बाहेर जायच्या दाराकडे निघालो होतो. रोजचंच काम.

बॅटरी म्हणजे आमचा दारवान. अंधारात लोकांना खुर्ची दाखवायचा, हातात कायम बॅटरी, म्हणून नाव तेच पडलं. त्याची बायकोसुद्धा चिडली की "अहो बॅटरी" म्हणायची. या बॅटरीची एक सवय होती. पिक्चर सुटला, शेवटचा माणूस बाहेर पडला, तरी तो दार लावायचा नाही. मधे उभासुद्धा राहायचा नाही. भिंतीला टेकून चहा प्यायचा, सावकाश, कप संपेपर्यंत. मग दार लावायचा. आम्हाला घरी जायची घाई, आणि याचा आपला चहा चाललेला! मी म्हणायचो, "अरे, कुणाची वाट बघतोस? हिरोईन येणाराय का मागून?"

तो म्हणायचा, "पिक्चर सुटला म्हणून माणूस लगेच सुटत नाही रे. तोंडं बघ यांची. पाय बाहेर आलेत, डोळे अजून आतच आहेत. तो बघ, पायरी समोर आहे तरी ठेचकाळला. ती बाई, नवरा हाक मारतोय आणि हिला ऐकूच येत नाही. माणूस आधी येतो आणि मन मागून. चार पावलांवर गाठतं त्याला. पण दारच लावलं, तर त्यानं यायचं कुठून?"

आम्ही हसायचो. काही तरी खूळ, म्हणायचो.

त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. शिवणकाम करायची. बोलायला एकदम फटकळ, पण जीव लावणारी. त्यांना एकच मुलगा होता. चार-पाच वर्षांचा असेल. तापाचं निमित्त झालं आणि गेला... जाऊ दे, त्यावर मी जास्त बोलत नाही. बॅटरीनं कामात डोकं घातलं. वहिनींनी हाय खाल्ली. तरी उठायच्या, मशीनवर बसायच्या, त्याला वेळेवर जेवायला वाढायच्या. निदान "मीठ जास्त झालंय का हो" एवढं तरी विचारायच्या.

कुणीतरी त्याला सुचवलं, वहिनींना पिक्चर दाखव, तेवढंच मन रमेल. म्हणून रविवारी त्यानं त्यांना आणलं. दाराजवळची पुढून तिसरी रांग, कडेची खुर्ची. आता नशीब बघा कसं असतं. पिक्चर लागलेला तो एका हरवलेल्या पोराचा. शेवटी ते पोर घरी येतं, दार वाजवतं, आई दार उघडते... बस. अख्खं थेटर रडत होतं. पण वहिनी ज्या हंबरल्या ना... बाहेर पडतानाही थांबेनात. लोक वळून वळून बघायला लागले. बॅटरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं त्यांना धरलं, घाईघाईनं दार ओढलं, कुलूप घातलं आणि गाडीवर बसवून घरी नेलं.

चहा तसाच राहिला. मीच परत नेला तो.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी गप्प. नुसत्या गप्प नाही रे, दुःखानं माणूस गप्प होतो ते वेगळं. घास हातात दिला तर तोंडात घालायच्या, नाही दिला तर हात तसाच. बस म्हटलं तर बसायच्या. नवऱ्याकडे असं बघायच्या, जसं आपण बंद दुकानाकडे बघतो. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, गोळ्या द्या, वेळ लागेल. बॅटरी गोळ्या द्यायचा. रात्रभर उशाशी बसायचा. "अगं, शिव्या दे मला. काहीही बोल, पण बोल," म्हणायचा. बुधवारी माझ्याकडे आला, दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि माझे हात घट्ट धरून म्हणाला, "ती आत राहिलीय रे. मी दार लावलं तिच्या तोंडावर."

मी त्याला बाकावर बसवलं.

म्हणाला, "शुक्रवारी नवा पिक्चर लागतोय. हा गेला की ती पण गेली. उद्याचा एकच दिवस आहे माझ्याकडे."

तर तो हा गुरुवार. मी चहा घेऊन गेलो तर दाराबाहेर बाकावर वहिनी बसलेल्या. बॅटरीनं त्यांना घरून आणलं होतं. शो सुटला. मोजकी माणसं होती, निघून गेली. बॅटरीनं दार सताड उघडं ठेवलं आणि भिंतीला टेकला. चहाला हात लावला नाही. गार झाला, वर साय आली... आतून काही येईना. वहिनी तशाच.

मग तो वर पळाला, ऑपरेटरकडे. मी पण मागे गेलो. ऑपरेटरचे त्यानं पाय धरले हो! "शेवट परत लाव. फक्त शेवट. तेवढाच लाव."

ऑपरेटर बिचारा भला माणूस. म्हणाला, "अरे, लावतो, पण हल्ली पिक्चरला कंपनीचं कुलूप असतं. आज बारा वाजले की आपोआप बंद होणार. मग मी काय, देव आला तरी चालायचा नाही."

"लाव!"

बाराला थोडाच वेळ होता. आम्ही जिने उतरून धावत खाली आलो. बॅटरी मला म्हणाला, "तू हिचा हात धर. इथंच, दाराबाहेर. मधे येऊ नकोस. मी आत जातो."

मी वहिनींचा हात धरला. थंडगार. बोटं माझ्या हातात नुसती पडलेली.

आत पडदा उजळला. थेटर रिकामं. त्या उजेडात सगळ्या खुर्च्या दिसत होत्या. तुम्ही पाहिलंय ना, थेटरच्या खुर्चीची बैठक माणूस उठला की आपोआप वर जाते? सगळ्या वर होत्या. नुसत्या मिटलेल्या रांगा.

तिसऱ्या रांगेतली कडेची... खाली होती.

कुणी बसलेलं नव्हतं. मी डोळे चोळले. कुणीच नव्हतं.

आणि तिच्या शेजारची... ती अर्धीच खाली होती. लहान पोर बसलं की वजन पुरत नाही, बैठक मधेच राहते... तशी.

पळून जावंसं वाटलं. पण हातात वहिनींचा हात होता, सोडणार कसा?

बॅटरीनंही पाहिलं. रांगेच्या तोंडाशी थबकला. हातातली बॅटरी पेटवली नाही. हळूच खाली बसला, गुडघ्यांवर, त्या रिकाम्या खुर्चीसमोर.

"चल ना गं घरी," म्हणाला.

पडद्यावर ते पोर रस्त्यानं येत होतं.

"मशीनवरचं काम तसंच पडलंय. लोक विचारतायत. चल ना... मी चुकलो. लोक बघत होते म्हणून लाजलो. कशाला लाजलो मी? आता कितीही रड. मोठ्यानं रड. मी नाही दार लावणार."

खुर्ची हलली नाही.

"अगं, मी एकटा नाही जगू शकत. खरंच सांगतो. भाकरी तुकडा तुकडा करून भरवतो तुला, ते चालेल. पण तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. मी मेलो तरी तुला कळणार नाही. चल ना... पाया पडतो..."

ढसाढसा रडत होता. वरून ऑपरेटर ओरडला, "आवर! होतंय बंद!"

पडद्यावरचं पोर दारापाशी आलं. हात उचलला.

बॅटरी रडायचा थांबला. मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघत राहिला. त्या अर्ध्या खुर्चीकडे. मग डोळे पुसले. आणि अगदी रोजच्या आवाजात, घरात बोलतो तसं म्हणाला...

"त्याला एकटं सोडवत नाही तुला. होय ना?"

...

"बरं. तू जा. मी बसतो त्याच्याजवळ."

पडदा विझला.

मिट्ट काळोख. खट्ट... एक बैठक वर गेल्याचा आवाज. एकच.

माझ्या अंगाला चाटून काहीतरी गेलं. वारा म्हणा. उबदार होता.

माझ्या हातातली बोटं वळली. घट्ट. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मी इथं कशी? हे कुठायत?"

मी दाराकडे बोट दाखवलं. आतून पावलं आली. सावकाश. बॅटरी दारात आला. पायरी समोर होती, तरी ठेचकाळला.

वहिनी पुढे झाल्या. "अहो?"

त्यानं पाहिलं त्यांच्याकडे... बंद दुकानाकडे बघतात तसं.

दार आम्ही रात्रभर उघडं ठेवलं. मी, ऑपरेटर, वहिनी. वहिनी हाका मारत होत्या, घसा बसेपर्यंत. "अहो बॅटरी, या ना हो... दोघं या..." उजाडलं. सफाईवाल्या बाई झाडू घेऊन आल्या. बाहेर कुणी आलं नाही.

तोंडं पाडू नका. आहे अजून जिवंत. वहिनी सांभाळतात. घास हातात देतात, तो तोंडात घालतो. त्यांचं मशीन पुन्हा चालू झालं, जीभही चालू झाली. दिवसभर त्याच्याशी भांडतात, तो काही बोलत नाही तरी. आणि रात्री घराचं दार उघडं ठेवून निजतात. चोर आला तर येऊ दे म्हणतात.

थेटर पुढच्या वर्षी बंद पडलं. खुर्च्या भंगारात काढल्या. भंगारवाल्यानं सगळ्या मिटवून ट्रकमधे रचल्या, पण दोन जोडलेल्या मिटेचनात. हातोडा मारून पाहिला, तेल घातलं, स्प्रिंगासुद्धा काढून टाकल्या. वहिनींना मीच कळवलं. त्यांनी त्या घरी नेल्या. बाहेरच्या खोलीत, दारासमोर ठेवल्यात. वर कुणाला बसू देत नाहीत.

कडेची बैठक पूर्ण खाली आहे. बॅटरी अंगानं चांगला भक्कम होता.

शेजारची अर्धी. म्हणजे, आणली तेव्हा अर्धी होती. मी दर वर्षी एकदा जाऊन येतो, चहा घेतो, बसतो. सुरुवातीला मला वाटलं, माझ्याच नजरेचा दोष. वहिनींना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण मागच्या खेपेला गेलो, तर वहिनी खुर्च्यांशेजारी जमिनीवर बसून शर्ट शिवत होत्या. बॅटरीच्या मापाचा नव्हता तो. दहा-बारा वर्षांच्या पोराला होईल एवढा.

मी त्या अर्ध्या खुर्चीकडे पाहिलं. आता ती जवळजवळ पूर्ण खाली आलीय.