पूर्वजांनी फोडलेला वाडगा

तिसऱ्या दिवशी सकाळी देवघरात वाडगा फुटलेला सापडला आणि नवऱ्या मुलाच्या आईने, ग्योकबाईने, असा टाहो फोडला की लुकांग गावची ती अख्खी गल्ली दाराशी गोळा झाली.

रीत साधी आणि बिनडोक. मुलीच्या जन्मवेळेची लाल चिठ्ठी मुलाच्या घरी पूर्वजांच्या धूपदाणीखाली तीन दिवस ठेवायची. तेवढ्यात काही फुटलं, कुणी भांडलं, की पूर्वजांचा नकार. चिठ्ठी परत. आणि परत आलेली चिठ्ठी दुसरं कुठलंही घर हातात धरत नाही.

म्हणून हुईबी, ती नवरी मुलगी, धावत सुईणीकडे गेली. बानमावशीने नवरानवरी दोघांचीही नाळ कापलेली.

"मावशी, दुपारी ज्योतिषी चिठ्ठी परत आणणार. मग मी जन्मभर अवलक्षणी!"

"नाक पूस. चल."

देवघरात ज्योतिषी लो बोटांची पेरं मोजत बसला होता. "मुलीचा जन्म सकाळी, ड्रॅगनच्या प्रहरातला; मुलाचा रात्री, कुत्र्याच्या. उभं वैर! मी म्हणतच होतो."

"चार दिवसांपूर्वी तर सोन्याची जोडी म्हणालास?" मावशीने विचारलं.

"तेव्हा प्रहर बारकाईने पाहिला नव्हता."

"तो प्रहर मी सांगितलाय, मेल्या! हिच्या घरी घड्याळ नव्हतं, बाहेर धो धो पाऊस. न्याहारीच्या सुमारास, असं ठोकून दिलं. त्यावर तू ग्रंथ लिहिलास!"

दारातली गर्दी खिदळली. मावशी मात्र खाली बसली. विटांची जमीन. खापऱ्या एका ढिगात, तळहाताएवढ्या जागेत. लांब एक तुकडा उडालेला नाही.

"ग्योक, वाडग्यात काय होतं?"

"नैवेद्याचा भात. काठोकाठ."

"मग भात कुठाय?"

ग्योकबाई धूपदाणीमागे वाकून शोधू लागली.

"मांजराने खाल्ला असेल," तिचा मुलगा टेकसेंग डोळे पुसत म्हणाला. हाच नवरा मुलगा. देवांच्या मूर्ती कोरणाऱ्या कारखान्यात कामाला. "मावशी, पूर्वजांपुढे आपलं काय चालणार?"

"एक शीतही न सांडता खाल्लं? तुमचं मांजर फार वळणाचं दिसतंय. ग्योक, तू झोपतेस कुठे?"

"इथेच, या फळ्यांच्या भिंतीपलीकडे. उंदीर हलला तरी जाग येते."

"आणि वाडगा फुटला तेव्हा?"

"नाही आली. पूर्वजांची करणी, बाई. आवाज कसा होईल?"

मावशीने खापरी उचलून हुंगली. आतल्या भाताच्या चिकट थराला तांबूस भुसा चिकटला होता.

"टेकसेंग, हल्ली कसलं लाकूड कोरतोस?"

"कापराचं. का?"

"मालकाला मुलगे किती?"

टेकसेंगचे कान लाल झाले. दारातून कुणीतरी ओरडलं, "एकही नाही, मावशी! मुलगीच आहे. घरजावई शोधतोय म्हातारा!"

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ऐका आता. विटांवर पडलेला वाडगा फुटला की तुकडे भिंतीपर्यंत उडतात, घर जागं होतं. हा फडक्यात गुंडाळून फोडला आणि इथे ओतला. म्हणून आवाज नाही, म्हणून ढीग. फडकं ग्योकच्या स्वयंपाकघरातलं असतं तर तेलाचा वास आला असता. लो तर उजाडल्यावर आला. खापरीला कापराचा भुसा आहे. भात फडक्याला चिकटेल म्हणून आधी रिकामा केला आणि टाकायला जागा सापडेना, तेव्हा गिळला. पूर्वजांचा घास, टेकसेंग! मालकाचा कारखाना हवाय, पण हुईबीला 'नको' म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणून मेलेल्यांच्या तोंडून बोललास. आणि घरजावई झालास की त्यांचं आडनावही टाकणार!"

टेकसेंग भिंतीला टेकला. "मालकच म्हणाले होते, काहीतरी कर..."

ग्योकबाईने मात्र टाळीच वाजवली. "म्हणजे पूर्वजांचा नकार नव्हताच! लग्न होणार!"

"नाही होणार," हुईबी म्हणाली. तिने धूपदाणी सरकवून चिठ्ठी काढली आणि टेकसेंगच्या हातात कोंबली. "ही माझ्या घरी तू आणायचीस. ज्योतिषी नाही. वाटेत दर दाराशी थांबायचं आणि सांगायचं, वाडगा कुणी फोडला."

टेकसेंगने देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांकडे पाहिलं.

"तिकडे काय बघतोस?" मावशी म्हणाली. "ते आता तुझे कोण?"

पहिल्याच दाराशी तो चिठ्ठीकडे बघत पुटपुटला.

"मोठ्याने," मागून हुईबी म्हणाली.