आजीच्या गाडीचे मंद दिवे

"मामानं आजीच्या गाडीची किल्ली काढून घेतली," रेडिओनं धापा टाकत बातमी दिली. "आणि आजी काहीच बोलली नाही."

भिंगानं हातातलं पुस्तक मिटलं. रेडिओ हा तिचा धाकटा भाऊ. सकाळी डोळे उघडल्यापासून तो सुरू व्हायचा आणि झोप लागेपर्यंत बंद होत नसे. त्याच्या बातम्यांत तिखटमीठ भरपूर असतं हे तिला माहीत होतं. किल्लीचं तिला तितकंसं नवल वाटलं नाही, पण आजी गप्प बसली ही गोष्ट काही बरी नव्हती. नाकावरचा जाड चष्मा सावरत ती बाहेर आली. त्या चष्म्यामुळेच तिला भिंग हे नाव पडलं होतं.

बाहेरच्या खोलीत मामा येरझाऱ्या घालत होता. आजी खुर्चीत बसून टॉवेलाची घडी घालत होती. तीच घडी ती मोडत होती आणि पुन्हा घालत होती.

आजी पोहायला शिकवायची, तेही मोठ्या बायकांना. दिवसभर नोकरी करून त्या संध्याकाळी तलावावर यायच्या आणि गुडघाभर पाण्यात आजीचा हात घट्ट धरून उभ्या राहायच्या. काही आठवड्यांत त्याच बायका सूर मारायला लागायच्या. येण्याजाण्यासाठी मामानं तिला एक जुनी गाडी घेऊन दिली होती. परतीचा रस्ता झाडीतून जायचा आणि त्यावर एकही दिवा नव्हता. गाडी आल्यापासून आजी म्हणत होती, "मला पुढचं नीट दिसत नाही रे." काल तर तिनं तलावाच्या फाटकाचा खांबच घासला.

"मी नवे बल्ब बसवले," मामा बोटं मोडत म्हणाला. "दिव्यांच्या काचा घासून चकचकीत केल्या. मग राहिलं काय? डोळे! आई, वय झालं की होतं असं."

"पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी नुकतेच तपासून ठीक आहेत म्हणून सांगितलंय ना?" भिंगानं विचारलं.

"डॉक्टर उजेडात तपासतात. अंधारात काय दिसतं ते त्यांना काय कळणार?"

"आणि मामा, तू ही गाडी घेताना कधी पाहिलीस?"

"दुपारी," मामा म्हणाला, आणि मग त्याला खोकला आला.

आजीनं टॉवेल बाजूला ठेवला. "जाऊ दे गं. मी तलावाच्या ऑफिसात कळवते, सोमवारपासून दुसरं कुणीतरी बघा म्हणून." एवढं बोलून ती आत गेली. तो वर्ग सुटला, तर आजी संध्याकाळी करणार तरी काय?

दोघं भावंडं जिन्यात जाऊन बसली.

"चुकीचा चष्मा लागला की सगळे म्हणतात, पोरगी वेंधळी आहे," भिंग म्हणाली. "मला तिसरीत असंच म्हणायचे. आजीचंही तसंच झालंय. गाडीला नीट दिसत नाही आणि सगळे आजीला नावं ठेवतायत."

"पण मामा ऐकणार थोडाच?"

"आपलं नाहीच ऐकणार. स्वतःचे डोळे सांगतील तेव्हा ऐकेल."

इमारतीच्या तळघरात गाड्या लावायची जागा होती. तिच्या मागच्या कोपऱ्यातली ट्यूब कायमची गेलेली होती आणि तिथं भरदुपारीही हात पुढे केला तर दिसत नसे. भिंगानं एका मोठ्या कागदावर डॉक्टरांकडे असतात तशी अक्षरं काढली. वरच्या ओळीत टपोरी, मग बारीक, आणखी बारीक. रेडिओनं तो कागद कोपऱ्यातल्या भिंतीवर चिकटवला. मामाला खाली आणायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं आणि ते त्यानं झोकात केलं.

"मामा, भिंग म्हणते, तुझ्या गाडीपेक्षा आजीच्या गाडीचे दिवे चांगले आहेत."

मामाला एक वेळ त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली चालायची, पण गाडीला नाही. "चला खाली," तो म्हणाला. आजीही कुतूहलानं मागोमाग आली.

मामानं आधी आपली गाडी भिंतीसमोर उभी केली, दिवे लावले आणि शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं घडाघडा वाचली. मग आजीची गाडी बरोबर त्याच जागी आणली. भिंतीवर पिवळट, मरगळलेला उजेड पडला. मामानं वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरीला तो अडखळला. त्यानं डोळे बारीक केले, मान पुढे काढली.

"कागद बदललात तुम्ही," तो म्हणाला.

"हात नाही लावला," रेडिओ म्हणाला.

मामा उतरला, कागदाजवळ जाऊन पाहून आला, पुन्हा गाडीत बसला. तिसरी ओळ काही वाचता येईना.

"मामा," भिंग शक्य तितक्या साळसूदपणे म्हणाली, "वय झालं की होतं असं."

आजी हसली. कालपासून पहिल्यांदाच.

मामाचा चेहरा उतरला, पण हार मानेल तर तो मामा कसला. "बॅटरी मेली असणार," असं म्हणून त्यानं हॉर्न दाबला. त्या आवाजानं रेडिओनं कानांवर हात ठेवले. बॅटरी ठणठणीत होती. घाईत मामाचा हात वळण्याच्या दिव्याच्या दांडीला लागला आणि तो दिवा लुकलुकू लागला.

"थांब, बंद करू नकोस," भिंग ओरडली. वळण्याचा दिवा लागला की मोठे दिवे आणखी मंद होत होते, तो विझला की थोडे सावरत होते. दोघांत काहीतरी सामाईक होतं आणि ते कमी पडत होतं.

भिंग तिथंच फरशीवर बसली. यंदा शाळेत तिनं खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून चुंबक केलं होतं. तार नवी, सेल नवा, तरी टाचणी उचलेना. शेवटी कळलं, की तारेवर लाखेचा पातळ थर असतो आणि टोकं खरवडायची ती विसरली होती.

"मामा, दिव्यात गेलेली वीज परत बॅटरीकडे कुठून जाते?"

"गाडीच्या पत्र्यातून. दिव्यांची एक तार पत्र्याला नटानं जोडलेली असते."

"मग ती जागा बघू या."

मामानं गाडी बंद करून बॉनेट उघडलं. भिंगानं टॉर्च आत धरला. आतला पत्रा जुना, पांढरा होता, पण दिव्यांमागचा पट्टा मात्र बाहेरच्यासारखाच चकचकीत निळा. सगळ्या दिव्यांच्या काळ्या तारा तिथं एकाच नटाखाली आल्या होत्या आणि नटाखालीही तोच निळा रंग होता.

मामानं त्या निळ्या रंगावरून बोट फिरवलं. "विकणारा म्हणाला होता, पुढून घासली होती म्हणून रंग मारून घेतला. रंगवताना तारा सोडल्या असणार आणि रंग वाळल्यावर तशाच वर कसल्या. पत्रा खरवडलाच नाही, आणि रंगातून वीज नीट जात नाही." मग हळूच म्हणाला, "मी तर हा रंग बघूनच गाडी घेतली."

"आधी बॅटरीची तार काढ, मगच पाना लाव," आजीनं बजावलं. मामानं निमूटपणे ऐकलं. त्यानं नट काढला आणि खालची जागा पॉलिश पेपरानं घासली. निळा रंग गेला, मग त्याखालचा पांढरा गेला, आणि शेवटी लखलखीत पत्रा दिसला. तारांची टोकं घासून त्यानं नट घट्ट पिळला आणि बॅटरी जोडली.

"आई, आता तू बस," तो म्हणाला.

आजीनं दिवे लावले. भिंत पांढरीशुभ्र झाली. आजीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या ओळी वाचल्या आणि थांबून म्हणाली, "खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी मळक्या अंगठ्याचा ठसा आहे. रेडिओ, हात धूत जा."

मामानं भिंगाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास गं. आणि रेडिओ, तूही. मला छान बनवलंस." मग तो आजीकडे वळला. "आई, चुकलो. गाडी तपासायची सोडून मी तुलाच तपासत बसलो."

"मुलांनी दोन्ही तपासलं," आजी म्हणाली आणि दोघांना जवळ घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. ऑफिसात फोन करून तिनं सांगितलं, की सोमवारचा वर्ग तीच घेणार आहे.

सोमवारी मामा हट्टानं तिच्या शेजारी बसला आणि मुलं मागे. परत येताना झाडीतला रस्ता दूरवर स्वच्छ दिसत होता. एका वळणावर आजीनं वेग कमी केला.

"परवा मी इथं गाडी थांबवून रडले होते," ती म्हणाली. "वाटलं, संपलं आपलं."

"मग मला फोन का नाही केलास?" मामानं विचारलं.

"तू म्हणाला असतास, डोळे गेले."

"नसतो म्हणालो."

आजीनं चाक फिरवलं. वळण संपेपर्यंत मामा समोर रस्त्याकडे पाहत राहिला.

"म्हणालो असतो," तो म्हणाला.