रांगेतली जागा

ही गोष्ट खरी आहे. जिच्यावर गुजरली, त्या लिओकादियाने ती आयुष्यात एकदाच सांगितली. सांगताना दिवा मात्र विझू दिला नाही.

ब्राझील. पाराईबा नदीकाठचा कॉफीचा मळा. १८७४ चा जून, सेंट जॉनच्या सणाची संध्याकाळ.

वडिलांमागे मळा लिओकादियाचा झाला होता. मळ्यावरचे गुलामही तिचेच.

फेलिस्मिनासुद्धा.

तिच्याच अंगावर पिऊन लिओकादिया वाढली होती. त्यासाठी फेलिस्मिनाची स्वतःची तान्ही, देल्फिना, नदीपलीकडच्या मळ्यावर धाडली गेली. दूध वाटलं जाऊ नये म्हणून.

त्या संध्याकाळी अंगणातल्या शेकोटीत रताळी भाजत होती. फेलिस्मिना ओसरीवर लवंगेचं तेल लावून लिओकादियाचे केस विंचरत होती.

"अक्कल चिमूटभर, गुंता मात्र मणभर!"

"वाढवलं कुणी? मग बोल कुणाला?"

फेलिस्मिना हसली. मग फणी थांबली.

"बाईसाहेब, देल्फिनाला मुलगी झालीय. मला मोकळी करा. तिच्यापाशी जाऊन राहते. लेकीला पाजता आलं नाही, नातीला निदान न्हाऊमाखू घालीन."

"आणि माझे केस?" लिओकादिया थट्टेने म्हणाली. "तोडणी उरकू दे. मग बघू."

"बरं."

सकाळी फेलिस्मिना उठलीच नाही.

मळ्यावर एक रीत होती. दिवेलागणीला सगळे गुलाम ओसरीपुढे रांगेत उभे राहत. एकेक जण हात जोडून आशीर्वाद मागे. मालकीण म्हणे, "देव तुझं भलं करो."

फेलिस्मिनाला पुरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी रांगेत एक फट होती... एक माणूस मावेल एवढी.

"सरका की जवळ!"

कुणी हललं नाही. म्हातारा इनासियो खाली बघत म्हणाला, "जागा रिकामी नाही, बाईसाहेब."

रांग पांगली. अंगण ओस पडलं.

आणि मग... लवंगेच्या तेलाचा वास.

"आशीर्वाद, बाईसाहेब."

लिओकादियाच्या अंगावर काटा आला. तरी सवयीने शब्द निघून गेले. "देव तुझं भलं करो."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

हळूहळू भीती सरली. ती संध्याकाळची वाट बघू लागली. केस मोकळे सोडून बसू लागली. निजताना फणी उशाशी ठेवी...

सकाळी केसांत गुंता नसे.

शेवटी इनासियोच बोलला. "मेलो की सुटलो, एवढीच आमची आशा असते. तुम्ही तीही ठेवली नाहीत. सोडा तिला."

त्या संध्याकाळी लिओकादिया ओसरीच्या कडेला उभी राहिली.

"फेलिस्मिना, तू मोकळी आहेस. देल्फिनाकडे जा."



मग... अनवाणी पावलं. अंगणातून, कॉफीच्या रोपांमधून, नदीकडे. आधी सावकाश. मग भराभरा. धावतच जणू.

तेलाचा वास विरत चालला.  जन्मभर न उच्चारलेला शब्द लिओकादियाच्या तोंडून फुटला.

"आई! जाऊ नकोस ना..."

पावलं थांबली.